शेत सगळं हेच बघतात

रणधीरचा फोन दर रविवारी न चुकता यायचा, आणि न चुकता तो आधी किटलीची चौकशी करायचा.

"अण्णा, किटली कशी आहे?"

"बरी हाय की," बलभीम सांगायचा.

"उपडी ठेवलीय ना? आतून कोरडी पाहिजे हं. आणि बूच लावून ठेवू नका, आत वास धरतो."

"न्हाय लावत. उघडीच असती."

"ठीक. चला, ठेवतो. मीटिंग आहे."

मोठी म्हैस व्यालीय, विहिरीचं पाणी पुरुषभर खाली गेलंय, गुडघा रात्रभर ठणकतोय, अशा बऱ्याच गोष्टी बलभीम आठवडाभर साठवून ठेवायचा. त्या तशाच ओठांवर राहायच्या. जगदेवी चुलीपुढून म्हणायची, "किटलीला ताप आलाय म्हणून सांगा एकदा. बघू, येत्यात का भाऊजी धावत."

बलभीमचं रान जळकोटचं, हमरस्त्यापासून आत दीड कोसावर. रानातच पत्र्याचं घर, घरापुढं लिंब, लिंबाजवळ विहीर, पलीकडं गोठ्यात दोन म्हशी. रणधीर त्याचा धाकटा भाऊ, बारा वर्षांनी लहान. बाप गेला तेव्हा रणधीर चौथीत होता. त्याची पुढची सगळी शाळा बलभीमच्या सायकलच्या दांडीवर बसून झाली. आता तो पुण्याला मोठ्या कंपनीत होता आणि त्याची स्वतःची गाडी इतकी लांब होती, की गोठ्यापाशी वळवताना दोनदा मागं-पुढं करावी लागायची. रान दोघांचं होतं. वाटणी कधी झाली नव्हती, कारण राबायला एकच जण होता आणि फोटो काढायला दुसरा.

किटली दिवाळीत आली. रणधीरनं मऊ पिशवीतून ती अशी काढली, जशी काही देवाची मूर्ती. दिसायला उभट, दुधाच्या बरणीसारखी, पण मधून आरपार पोकळ. बाहेरचा पत्रा आणि आतली नळी यांच्यामध्ये पाणी, खाली भोकं पाडलेली थाळी, थाळीत काटक्यांचा जाळ, आणि जाळ नळीतून सरळ वर. पाच मिनिटांत पाणी खळखळ उकळतं.

बलभीमनं ती सगळ्या बाजूंनी फिरवून बघितली. "ह्यो तर बंब हाय की रं! आपल्या आईचा तांब्याचा व्हता न्हवं का, त्याचं पिल्लू."

"बंब नाही अण्णा," रणधीर दुखावून म्हणाला. "कॅम्पिंग केटल आहे. ट्रेकिंगवाले वापरतात. जंगलात, डोंगरात."

"डोंगरात चूल मांडायला दगडं न्हाईत व्हय?"

पुण्याच्या फ्लॅटमध्ये धूर चालत नाही म्हणून रणधीरनं किटली रानातच ठेवली, आणि तिचे नियम एका कागदावर लिहून दिले. पाणी भरल्याशिवाय खाली जाळ करायचा नाही, सांधे उकलतात. जाळ असताना बूच काढलेलंच पाहिजे, नाहीतर वाफ कोंडते. नळीच्या तोंडावर हात न्यायचा नाही, जाळ कधीही वर येतो. ओतताना बुचाची साखळी ओढून बूड उचलायचं. बाहेरची काजळी घासत बसायचं नाही. त्यात फक्त पाणी. हे शेवटचं वाक्य रणधीरनं दोनदा अधोरेखित केलं होतं.

तरी बलभीमनं चहा केलाच. शेजारच्या रानातला गोरोबा आला होता, आणि नुसतं गरम पाणी पाहुण्याच्या हातात कसं द्यायचं? दूध, साखर, पत्ती सगळं आत गेलं. वर जाळ छान आला, चहाही उकळला, आणि दूध आतल्या नळीला असं करपून बसलं, की त्यापुढं डिंक बरा. आत हात जाईना, घासणी जाईना. बलभीमनं चिंचेचं पाणी आणि बारीक खडे घालून किटली दोन दिवस खुळखुळ्यासारखी हलवली.

"पोटच्या लेकराला कवा इतकं खेळवलं न्हाय तुमी," जगदेवी म्हणाली.

"गप. रविवार आलाय."

त्या रविवारीही किटली बरी होती.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात फोन मात्र लांबला. रणधीरच्या ऑफिसातली पाच माणसं तुळजापूरला दर्शनाला येणार होती. त्यात त्याच्या मोठ्या मॅडम होत्या, शिवरंजनी मॅडम. तिथून सगळे शेतावर यायचे होते.

"त्यांना असलं फार आवडतं अण्णा. चुलीवरचं जेवण, झाडाखाली बसणं. आणि किटलीवरचा चहा तर मी त्यांना कबूलच केलाय. यंदा माझं वरच्या जागेचं बघणार आहेत त्या."

"मंग येऊ दे की. आपलंच रान हाय."

बलभीमला खरंच आनंद झाला होता. भावाचे साहेबलोक आपल्या रानात येणार ही काय लहान गोष्ट होती? त्यानं तुरीच्या काड्या कोयत्यानं वीत-वीतभर तोडून जुडी बांधली. लिंबाखाली, विहिरीला लागून, शेणानं चौकोन सारवून किटलीची जागा केली. ती जागा त्यानं विचार करून निवडली होती. ज्वारी नुकतीच निघाली होती, घराच्या पश्चिमेला कडब्याची गंजी रचलेली होती, आणि वारा दुपारनंतर त्याच बाजूला फिरतो हे त्याला पन्नास वर्षं ठाऊक होतं. जगदेवी पहाटेपासून पुरण वाटत होती. इस्त्री केलेला पांढरा सदरा खुंटीला लावला होता. पाहुणे एक वाजता येणार, बारा वाजता अंघोळ करून तो घालायचा असं ठरलं होतं.

पाहुणे साडेअकराला आले. देवीला गर्दीच नव्हती.

बलभीम तेव्हा बनियनवर होता. बनियनला खांद्याशी दोन भोकं होती, लुंगी गुडघ्यापर्यंत खोचलेली, आणि किटली शेवटची पुसायला घेतल्यामुळं कोपरापर्यंत हात काळे. गाडीचं दार उघडलं. पहिल्यांदा मॅडम उतरल्या. पन्नाशीच्या, सुती साडी, पायांत बूट, चेहरा हसरा. त्यांनी लिंब बघितला, विहीर बघितली, आणि मग बलभीमला बघितलं.

"किती छान! रणधीर, हे तुमचे केअरटेकर का?"

रणधीर दुसऱ्या बाजूनं उतरत होता. त्यानं काळा चष्मा काढला आणि भावाकडं बघितलं. बनियनकडं बघितलं. भोकांकडं बघितलं.

"हो... म्हणजे, शेत सगळं हेच बघतात."

त्या वाक्यात खोटं एकही अक्षर नव्हतं. शेत सगळं बलभीमच बघत होता. बलभीमला 'केअरटेकर' म्हणजे काय ते नीट कळलं नाही. सरकारकडून बक्षीस मिळालेल्या शेतकऱ्याला तसलं काहीतरी म्हणतात, असा त्याचा अंदाज झाला. त्यानं काळे हात जोडून मोठ्या अदबीनं नमस्कार केला. जगदेवी मात्र दहावीपर्यंत शिकलेली होती. ती दारातून पाण्याचा तांब्या घेऊन येत होती, ती तशीच माघारी वळली.

दोन मिनिटांनी रणधीर भावाला गोठ्यामागं घेऊन गेला.

"अण्णा, तोंडातून गेलं. त्यांनी एकदम विचारलं आणि..."

"पर केअरटेकर म्हंजी काय?"

रणधीरनं बुटाच्या टोकानं शेण उकरलं. "राखणदार."

म्हैस रवंथ करत होती, तिचाच तेवढा आवाज.

"आता लगेच बदललं तर मी खोटा पडतो अण्णा. दोन तासांचा प्रश्न आहे. फक्त त्यांच्यासमोर मला 'रं' म्हणू नका."

"मंग काय म्हनू?"

"काहीच म्हणू नका. किंवा म्हणायचंच झालं तर... साहेब."

"आन् तू मला?"

"मी नावानं हाक मारतो."

रणधीरनं जन्मापासून त्याला नावानं हाक मारली नव्हती. चौथीतला रणधीर सायकलवरून पडला होता तेव्हासुद्धा 'आई गं' म्हणायच्या ऐवजी 'अण्णा गं' म्हणून रडला होता.

"मार," बलभीम म्हणाला.

घरात जगदेवीनं पुरणाचा गोळा परातीत आपटला. "म्या जाते आन् सांगते त्या म्याडमला. ह्यो कोन हाय आन् त्यो कोन हाय, सगळं."

"न्हाय. सांगायचं तर त्यानं सांगायचं."

"आन् न्हाय सांगितलं तर?"

"तर आपल्याला कळंल."

तिनं खुंटीवरचा सदरा काढून पुढं केला. बलभीमनं तो परत अडकवला. "ऱ्हाऊ दे. आता बनियनच बरी दिसती."

मॅडम बाई वाईट नव्हती. वाईट असती तर राग तरी धरता आला असता. तिनं बलभीमला अहो-जाहो केलं, म्हशीच्या कपाळावर हात फिरवला, जगदेवीला 'ताई' म्हटलं आणि भाकरी कशी थापतात ते चुलीपुढं पालथी मांडी घालून बघितलं. जेवायला लिंबाखाली सतरंज्या टाकल्या तेव्हा तिनंच विचारलं, "हे नाही का बसत आपल्याबरोबर?"

"त्यांना सवय नाही मॅडम," रणधीर म्हणाला. "बलभीम, आमटी आणा इकडं."

बलभीमनं आमटी आणली. आयुष्यभर या सतरंजीवर तो रणधीरच्या शेजारी बसून जेवला होता. आज वाढताना वाकल्यावर त्याला भावाच्या डोक्यावरचं टक्कल पहिल्यांदा वरून दिसलं. पाचही जण बोटं चाटून जेवले. एकानं विचारलं, "दर आठवड्याला असा बेत ठेवता येईल का हो इथं, पाहुण्यांसाठी?" रणधीर म्हणाला, "विचार चालू आहे." कुणाचा, ते त्यानं सांगितलं नाही.

मग चहाची वेळ झाली.

"ती तुमची सुप्रसिद्ध किटली काढा आता," मॅडम म्हणाल्या.

बलभीमनं किटली आणली. तीन-चार महिने सांभाळलेली ती चीज उन्हात चमकत नव्हती, कारण काजळी घासायची नाही असा नियम होता. पण आतून लख्ख होती. वाटेत हलवताना पाणी सांडू नये म्हणून त्यानं घरातच ती भरून बूच घट्ट दाबलं होतं. ती सारवलेल्या चौकोनावर ठेवायला तो वाकला.

"इथं नको," मॅडम म्हणाल्या. "त्या गवताच्या ढिगासमोर करू या ना. मागं काय सुंदर दिसेल! फोटो काढू."

"त्यो कडबा हाय म्याडम," बलभीम म्हणाला. "वारं तिकडंच—"

"अहो, काही होत नाही," रणधीर मध्येच म्हणाला. "ही चूल थोडीच आहे? सगळा जाळ आतल्या आत असतो. बलभीम, तिकडं घ्या."

बलभीमनं किटली उचलली आणि गंजीपासून पंधरा पावलांवर ठेवली. जमिनीवर सगळीकडं पाचोळा आणि ज्वारीचं भुसकट पसरलेलं होतं. त्यानं पायानं जमेल तेवढं बाजूला सारलं. ऑफिसातली माणसं फोन काढून गोल उभी राहिली. रणधीर मध्ये उकिडवा बसला आणि समजावून सांगू लागला. थाळीत आधी कागद, त्यावर बारीक काड्या, मग किटली वर ठेवायची, मग नळीतून एकेक काडी सोडत जायची. हे सगळं तो इतक्या सराईतपणानं सांगत होता, की बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस रोज सकाळी याच किटलीवर दात घासायचं पाणी तापवतो. दिवाळीनंतर त्यानं तिला हात लावलेला नव्हता.

काडी ओढली. जाळ झाला. किटली वर बसली, आणि नळीतून बघता बघता हातभर ज्वाळा वर आली. मॅडमनी टाळ्या वाजवल्या.

बलभीमचं लक्ष बुचाकडं गेलं. ते तसंच होतं, घट्ट बसलेलं, त्याच्याच हातानं दाबलेलं.

"अरं रण—" तो पुढं होत म्हणाला.

रणधीरनं ते 'अरं' ऐकलं. आता हा 'रणधीर' म्हणणार, पुढं 'रं' म्हणणार, आणि सगळं उघडं पडणार. तो मान न वळवताच ओरडला, "बलभीम! कप आणा आधी. जा. लवकर."

बलभीम गेला. कप घेऊन आला. बूच तसंच होतं. किटली आता बारीक सुरात शीळ घालायला लागली होती, आणि तिचं बूड थाळीवर थरथरत होतं. सगळ्यांना ते फार गोड वाटलं. "गातेय बघा," कुणीतरी म्हणालं.

सांगायला अजून वेळ होता. दोनच शब्द होते, 'बूच काढ'. बलभीमनं तोंड उघडलं, आणि मिटलं. साहेबाला राखणदारानं शिकवायचं नसतं. एवढाच एक विचार त्याच्या मनात आला आणि तो त्याला गुळासारखा लागला. वाफ लागेल साहेबाच्या तोंडाला जराशी, उतरेल चष्मा. उतरू दे. तो कपांचा ट्रे धरून सरळ उभा राहिला, राखणदार उभा राहतो तसा.

आणि ठप्प!

तेरखेड्याच्या फटाक्यांच्या कारखान्यातून सुतळी बॉम्ब कुणी थेट रानात आणून लावावा, तसा आवाज झाला. बूच साखळीसकट तुटून लिंबात गेलं. उकळत्या पाण्याचा फवारा रणधीरच्या नव्या बुटांवर आला आणि तो "मेलो" म्हणून मागं उलथला. किटलीनं जागच्या जागी एक उडी घेतली, थाळी कलंडली, आणि पेटत्या काड्या भुसकटावर विखुरल्या. वारा वाटच बघत होता. भुसकटातून एक बारीक पिवळी रेघ गंजीकडं अशी पळाली, जसं रोजच्या वाटेवरचं मांजर.

"पानी!" बलभीमच्या हातातला ट्रे खाली पडला.

विहिरीला मोटार होती, पण शेतीची लाईट त्या आठवड्यात रात्रीची होती. हौदात पाणी होतं ते म्हशींनी सकाळी अर्धं केलेलं. बलभीमनं गोणपाट हौदात बुडवलं आणि गंजीच्या पेटत्या कडेला भिडला. जगदेवी हंडा घेऊन धावली. पहिल्यांदा तिनं म्हशींची दावी कापली. म्हशी उधळल्या, आणि त्यातली नवी व्यालेली थेट रणधीरच्या गाडीपर्यंत जाऊन शिंगांनी दार दाबून आली. ऑफिसातल्या माणसांनी आधी फोन खाली ठेवले नाहीत, मग ठेवले, मग काय करावं ते न कळून सतरंज्या हलवल्या. त्यानं जाळाला आणखी वारा लागला.

"अण्णा!" रणधीर एका पायावर उडत ओरडत होता. "अण्णा! अहो अण्णा! काय करू? अण्णा!"

"सतरंजी भिजीव रं गाढवा!" बलभीम धुरातून गरजला.

रणधीरनं सतरंजी भिजवली.

जाळाकडचा निम्मा कडबा वाचणार नाही हे बलभीमला लगेच दिसलं. तो मधल्या पेंढ्या उपसून मागं फेकत गेला. गोरोबा धूर बघून बांधावरून धावत आला, तोही लागला. पाऊण तासानं जे राहिलं ते अर्ध्या गंजीहून कमी होतं. बाकी ओली काळी राख. बलभीमच्या एका बाजूच्या मिशा जळून गेल्या होत्या. तो राखेपुढं बसला. पुढच्या पावसाळ्यापर्यंतचा म्हशींचा चारा होता तो. आणि दोन शब्द बोलायला वेळ होता, हे फक्त त्यालाच माहीत होतं.

मॅडमचे डोळे धुरानं आणि खरोखरही लाल झाले होते. त्यांनी स्वतः तांब्यातून पाणी आणून त्याला दिलं.

"लागलं नाही ना फार? काय माणूस आहे हा! रणधीर, तुम्ही मघाशी 'अण्णा' म्हणत होतात..."

बलभीमनं तांब्या तसाच हातात धरला. जगदेवी हंडा टेकवून उभी राहिली. गोरोबालाही वाटलं, इथं काहीतरी चाललंय, म्हणून त्यानं पटकन बिडी विझवली. रणधीरचा चेहरा काजळीनं भरला होता. दोघं भाऊ आता इतके सारखे दिसत होते, की परक्यानंही ओळखलं असतं.

"हो," रणधीर म्हणाला. "इकडं सगळेच त्यांना अण्णा म्हणतात."

गोरोबानं बलभीमकडं बघितलं. बलभीमनं नुसती मान हलवली.

"मग आम्हीही अण्णाच म्हणतो," मॅडम म्हणाल्या, आणि त्याच्याशेजारी खाली राखेत बसल्या. "अण्णा, एक विचारू का? आमचं पानशेतला छोटं फार्महाऊस आहे. विश्वासाचा माणूस मिळत नाही हो. आज तुम्ही जे केलंत, ते मालकाच्या शेतासाठी कोण करतं? तुम्ही आणि ताई याल का? राहायला दोन खोल्या आहेत. ताईंच्या हाताला तर काय चव आहे!"

जगदेवीनं टेकवलेला हंडा उचलून आपटला. बलभीमनं तिच्याकडं बघितलंच नाही. तो रणधीरकडं बघत होता. आता. आता तरी.

रणधीर मॅडमकडं वळला. "मी बोलतो त्यांच्याशी, मॅडम."

गाडी दार चेपलेलं घेऊन निघून गेली. जाताना पाचही जणांनी काचा खाली करून "येतो अण्णा!" म्हणून हात हलवले. रणधीर चालवत होता, त्याला हात हलवता आला नाही.

गोरोबा थोडा वेळ उभा राहिला. "सकाळी चार पेंढ्या धाडतो," तो म्हणाला. मग जरा थांबून, "कुनी पेटवली रं?"

"पावन्यांनी. पुण्याचे हुते."

"आन् रणधीर?"

"त्यो त्येंच्यातच हुता."

मंगळवारी दुपारी फोन आला. बलभीम जळक्या पेंढ्यांतून खाण्याजोगा कडबा निवडत होता. फोनवर नाव बघून त्यानं हात लुंगीला पुसले. पोरानं दोन दिवस विचार केला असणार. सांगितलं असणार मॅडमला. काहीही असो, दांडीवर बसवून शाळेत नेलेलं पोर.

"अण्णा, पाय बरा आहे आता माझा. जरा फोड आलेत."

"बरं झालं."

"मॅडमनी आज परत विचारलं हो. पानशेतचं. मी म्हटलं, विचारतो." रणधीरचा आवाज हळू झाला. "तसं बघितलं तर वाईट नाही अण्णा. लाईट आहे, नळ आहे. तुमच्या गुडघ्याला तिथं डॉक्टर तरी मिळेल. वहिनींनाही धुरात बसावं लागणार नाही, गॅस आहे. आणि माझं यंदाचं सगळं त्यांच्याच हातात आहे."

"त्येनला सांगितलंस का, म्या तुझा कोन हाय त्ये?"

"सांगणार ना. योग्य वेळ बघून. तुम्ही एकदा तिथं रुळलात, की मग सहज सांगता येईल."

बलभीमनं हातातली पेंढी खाली ठेवली. गेले दोन दिवस त्याला जे बोलायचं होतं, ते खूप होतं. सायकलपासून सुरू होऊन बनियनपर्यंत येणारं. त्यातलं काय आधी काढावं ते त्याला सुचेना.

"मग काय सांगू त्यांना?" रणधीरनं विचारलं.

"सांग," बलभीम म्हणाला, "हितला मालक सोडंना म्हनावं."

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच वाईट वाटलं. जरा जास्तच झोंबेल पोराला. तो काहीतरी मऊ बोलायच्या बेतात होता.

"हां," रणधीर म्हणाला, आणि त्याच्या आवाजातलं ओझं एकदम उतरलं. "हे फार चांगलं सुचलं तुम्हाला. हे पटेल त्यांना. कुणाला वाईटही वाटणार नाही. थँक्यू, अण्णा. खरंच थँक्यू."

फोन बंद झाला. जगदेवी दारातून बघत होती.

"काय म्हनत व्हते?"

"थँक्यू म्हनला," बलभीम म्हणाला, आणि म्हशींना पाण्यावर न्यायला उठला.